ताईच्या चाकामागे

१

त्या रविवारी ताईच्या मागे कोण होतं?

हे मी नळावरच्या मावशीला विचारलं, पाववाल्याला विचारलं, चौकीतल्या साहेबांना विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. उलट मलाच खालून वर न्याहाळलं. मावशी तर म्हणाली, "हे तू मला विचारतोस? लाज कशी वाटत नाही रे?"

घरात आम्ही तिघं. आई, ताई आणि मी. बाप कुठेतरी आहे, त्याचं सोडा. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला, पहाटे पाचची पाळी. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात. मी आठवीत मास्तरांशी भांडलो, दप्तर वर्गात टाकून निघून आलो आणि मिस्त्रींच्या सायकल दुकानात लागलो. ते दप्तर दुसऱ्या दिवशी ताईच जाऊन घेऊन आली.

दर रविवारी सकाळी सहाला आम्ही दोघं सायकलवर निघायचो. दोन्ही सायकली जुन्या सांगाड्यांवर मीच बांधलेल्या. पातळ टायर, खाली वळलेलं हँडल, पेडलला अडकणारे बूट. शहर संपलं की द्राक्षबागा लागतात. सगळा मुलूख लाटांसारखा, एक चढ, एक उतार, परत चढ. दोन्ही बाजूंना तारांवर ताणलेल्या वेली आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला एक गुलाबाचं झाड. वाटेत तीन गावं. त्यांची खरी नावं पाट्यांवर आहेत, पण आम्ही आमची ठेवलेली: नळाचं गाव, पावाचं गाव आणि मुकं गाव. मुक्या गावात रविवारी सकाळी चिटपाखरू दिसायचं नाही. त्याच्या पुढे द्राक्षांच्या ट्रॉल्या तोलायचा मोठा वजनकाटा आहे. तिथून आम्ही परत फिरायचो. जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर.

ताई पुढे, मी मागे. पुढचा वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशाला बसतो. चाकामागे चाक, मध्ये वीतभर अंतर. मागच्याला निम्मीच ताकद लागते. ताई मला शेपूट म्हणायची.

आमचे काही कायदे होते. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. मान वळली की हँडल हलतं आणि मागचा येऊन आदळतो. म्हणून प्रत्येक गाव संपलं की ताई समोर बघतच विचारायची, "आहेस?" मी म्हणायचो, "आहे." पुढच्याने न सांगता ब्रेक मारायचा नाही. आणि कुठे थांबायचं, कधी फिरायचं, हे मागच्याने सांगायचं. कारण मागचा कच्चा असतो. कच्चा दमला की सगळे दमले. मी "बस" म्हटलं की ताई थांबायची. एकदाही तिने "अजून थोडं" म्हटलं नाही.

सात वर्षं तिने वारा कापला. अधूनमधून ती कोपर हलवायची, म्हणजे ये आता पुढे. मी न बघितल्यासारखं करायचो.

२

शनिवारी जेवताना ती म्हणाली, "उद्या तू पुढे राहा."

"का? तुझे पाय मोडले?"

"दमते रे हल्ली. चढावर छातीत कसंतरी होतं."

"म्हातारी झालीस."

"अर्ध्या रस्त्यापर्यंत तरी. मला पण एकदा मागे बसू दे. बघू तरी शेपटाचे काय लाड असतात."

आई हसली. म्हणाली, "अगं, हा पुढे गेला तर तुम्ही सोमवारी पोचाल."

दोघी हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. पण माझं डोकं फिरतं ते फिरतंच. मी ताट सरकवलं. "सात वर्षं तुझी पाठ बघतोय. मी काय तुझा नोकर? मी येणारच नाही उद्या. जा एकटी. मर तिकडे."

हे शेवटचे दोन शब्द मी म्हणालो. आईसमोर म्हणालो.

सकाळी आई कामावर गेल्यावर ताई माझ्या खोलीच्या दारात आली. मी जागा होतो. "येतोस?" मी पांघरूण डोक्यावर ओढलं. ती थोडा वेळ उभी राहिली. तिच्या बुटांचा फरशीवर खटखट आवाज होतो, तो थांबलेला होता, म्हणून कळलं. मग म्हणाली, "बरं. मी सावकाश जाते. राग उतरला की ये मागून. गाठशील मला."

गल्लीतून तिच्या मागच्या चाकाची टिकटिक लांब गेली. मी झोपलो. झोपलो म्हणजे खरंच झोपलो.

ती दुपारी दोनला सापडली. वजनकाट्यावर नाही, त्याच्याही पुढे एकतीस किलोमीटर, वरच्या खिंडीच्या पलीकडे, जिथे आम्ही जन्मात कधी गेलो नव्हतो. वेली बांधणाऱ्या बायकांना ती दिसली. सायकल बागेच्या तारेला टेकून उभीच होती आणि ताई तिच्यावर, हँडलवर डोकं ठेवून. एक बूट पेडलला तसाच अडकलेला. त्यांना वाटलं, दमून बसलीय पोरगी. म्हणून त्या आधी पाणी घेऊन गेल्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय. मग मलाच विचारलं, "इतकं ताणायचं कशाला? दमल्यावर थांबायचं ना."

३

चौथ्या दिवशी मी मिस्त्रींची मोटरसायकल घेऊन तो रस्ता बघायला निघालो. नळाच्या गावात पाण्याला थांबलो. तिथे एक मावशी रोज सकाळी ओटा धुते. आम्हाला सात वर्षं बघतेय.

तिने बादली खाली आपटली. "आलास? बहिणीला टाकून पळताना पाय नाही लटपटले?"

"मी नव्हतो मावशी."

"मी काय आंधळी आहे? ती पुढे, तू मागे, नेहमीसारखे. तिने विचारलं, 'आहेस?' आणि तू म्हणालास, 'आहे.' तेच आपलं, उपकार केल्यासारखं."

"माझं तोंड बघितलंत?"

तिने बादली उचलली. "मान खाली होती. तुझी नेहमी खालीच असते."

मला वाटलं, हिचा वार चुकला असेल. आधीच्या रविवारचं सांगत असेल. मी पुढे गेलो. पाववाला दुकानाची फळी उघडत होता. मला बघून त्याने हात पुसले, पण नेहमीसारखा पुढे आला नाही.

"त्या दिवशी थांबला नाहीत," तो म्हणाला. "तू दर वेळी दोन गोड पाव घेतोस. तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवले होते."

"ताई एकटी होती ना?"

"अरे, असं काय करतोस? तिने वेग कमी केला, दुकानाकडे बघितलं. मला वाटलं, थांबतायत. पण तू काही बोलला नाहीस. मग ती गेली पुढे. तूही गेलास. मी बायकोला म्हटलं, आज बहीणभावांचं वाजलंय."

"अंगावर काय होतं माझ्या?"

"तोच की तुझा पिवळा सदरा. खिशाला निळं ठिगळ."

ते ठिगळ ताईने लावलेलं. सदरा शनिवारपासून आमच्या मागच्या दोरीवर वाळत होता. घरी आल्यावर मी आधी तो बघितला. दोरीवरच होता. चिमटेही तसेच. मी त्याचा वास घेतला. साबणाचा होता.

मिस्त्री म्हणाले, "हे बघ, माणूस रोज जे बघतो तेच त्याला दिसतं. मी गल्लीतून एकटा गेलो तरी लोक म्हणतील, मिस्त्री आणि त्यांचा कुत्रा गेला. कुत्रा मरून दोन वर्षं झाली."

मला ते पटलं. दोन दिवस पटलं.

४

चौकीतून ताईची सायकल परत मिळाली. मिस्त्रींनी ती दुरुस्तीच्या घोडीवर चढवली, चाक फिरवलं आणि थांबवलं.

"इकडे ये. हे काय आहे?"

मागच्या टायरच्या बाजूला, जमिनीला टेकतो त्या भागाच्या वर, काळपट घासल्याचा पट्टा होता. बोटाला लागत होता. असा पट्टा एकाच गोष्टीने पडतो. मागच्याचं पुढचं चाक फार जवळ आलं की दोन टायर एकमेकांना घासतात. मी शिकत होतो तेव्हा ताईच्या टायरवर असे पट्टे पडायचे. ती मला त्यावरून कधी ओरडली नाही. पण गेली पाच वर्षं मी एकदाही चाकाला चाक लावलेलं नव्हतं. आणि हा टायर मी स्वतः पंधरा दिवसांपूर्वी नवा घातलेला.

"पोलिसांच्या गाडीत चढवताना घासला असेल," मी म्हणालो.

"असेल," मिस्त्री म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"मिस्त्री, तुम्हालाही वाटतं मी होतो?"

"मी कुठे काय म्हटलं?"

हँडलवर ताईचं मीटर होतं. ते वेळ, वेग, चढ, सगळं लिहून ठेवतं. मी ते दुकानातल्या संगणकाला लावलं आणि पडद्यावर उमटलेली वेगाची रेघ बघत बसलो. मला पुस्तक वाचायला जमत नाही, पण ही रेघ वाचता येते. तेच माझं काम आहे.

ताई एकटी असली की तेहेतीसच्या वेगाने जाते. त्या दिवशी सगळ्या रस्त्याला वेग सत्तावीस. हा माझा वेग आहे. उतारावर ती ब्रेकला हात लावत नाही, मला मात्र वळणांची भीती वाटते म्हणून माझ्यासाठी लावते. त्या दिवशी प्रत्येक वळणावर तिने वेग बावीसपर्यंत आणला होता.

वजनकाट्यापाशी रेघ खाली गेली होती. चालत्या माणसाइतका वेग, चाळीस मीटरभर. ती "बस" ऐकायची वाट बघत होती. ते आलं नाही. ती पुढे गेली. तीन किलोमीटरवर रेघ परत खाली. परत वर. पुन्हा खाली. त्या एकतीस किलोमीटरमध्ये मी मोजलं, अकरा वेळा ती हळू झाली. अकरा वेळा तिने मला, म्हणजे जो कोणी होता त्याला, थांबायची संधी दिली. मागच्याने सांगितल्याशिवाय थांबायचं नाही हा आमचा मूर्ख कायदा, आणि ती कायदा मोडणारी नव्हती. तिला वाटत असणार, माझा राग अजून उतरला नाही. आज शेपटाला दाखवून द्यायचंय. जाऊ दे त्याला, किती जातो बघू.

आठ वाजून बावन्न मिनिटांनी रेघ संपली होती. म्हणजे पाच तास ती त्या तारेला टेकून उभी होती.

मिस्त्रींनी चहा पुढे केला. मी कप भिंतीवर फेकला. ते फडकं घेऊन पुसायला लागले. मग मीही पुसायला लागलो.

५

सगळ्या जगात एका माणसाने मला विचारलं नाही. आईने.

लोक घरी भेटायला यायचे आणि आडून आडून बोलायचे. कारखान्यातली एक बाई म्हणाली, "दोघं गेले होते म्हणे." आई तिथेच उठली. "माझं पोर घरी होतं. दुपारी सव्वा वाजता मी कामावरून आले तेव्हा हा पांघरुणात होता, गरम होता. त्याने बहिणीला शिवी दिली, खरं आहे. पण तो तिला टाकून येणारा नाही. तुम्हाला चहा घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर निघा."

पण दोन माणसं दिसली होती हे तिच्या डोक्यातून जाईना. आणि मी घरी होतो हे तिला ठाऊक होतं. म्हणजे कोणीतरी दुसरा होता. कोणीतरी तिच्या लेकीच्या मागे बसून आला, ती हँडलवर कोसळल्यावर निघून गेला. आईला तो हवा होता. तिने पाळी बदलून दुपारची घेतली. रोज सकाळी सातची बस पकडून ती वजनकाट्यावर उतरायची आणि वरच्या रस्त्याने चालायची. बागांतल्या माणसांना विचारायची. परत येताना चौकीत जायची. साहेब तिला खुर्ची द्यायचे आणि पंख्याकडे बघत बसायचे.

"आई, पुरे आता. तुझं ब्लडप्रेशर."

"त्याला काय होतंय. तू तुझं काम कर."

एका सोमवारी ती दुपारची पाळी चुकवून संध्याकाळी आली. खुर्चीत बसली ती उठेना. मी तिचे बूट काढले. पाय सुजून पावासारखे झाले होते, टाचेला रक्त.

"किती चाललीस?"

"ठाऊक नाही. कुठे थांबायचं तेच कळेना." तिचा चेहरा मात्र आनंदी होता. कित्येक दिवसांनी आनंदी. "सापडला रे."

"कोण?"

"तोच. मी म्हटलं, ताई करायची तशी हाक मारून बघू. म्हटलं, 'आहेस?'"

मी तिचा पाय हातात धरून बसलो होतो. मला तो खाली ठेवता येईना.

"तर मागून म्हणाला, 'आहे.' कोवळाच आहे, तुझ्या वयाचा असेल. आवाजही तुझ्यासारखाच. मी चालले की तो चालायचा, मी हळू झाले की तोही हळू. वळून नाही बघितलं मी. घाबरून पळाला असता." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उद्या पाय उचलणार नाहीत. परवा जाते. परवा अजून थोडी पुढे जाते, म्हणजे त्याला धीर येईल. मग विचारते सगळं."

६

मंगळवारी उजाडताच मी माझी सायकल काढली. पिवळा सदरा दोरीवरच ठेवला. राखाडी स्वेटर घातला.

कोणीतरी हलकट माणूस असणार असं मी स्वतःला सांगत होतो. आमची नक्कल करणारा. बागेतला मजूर, वेडा, कोणीही. सापडला तर हातपाय मोडायचे, असं ठरवून पाना खिशात घेतला होता. आईचा जीव जाण्याआधी त्याला गाठायचं, एवढंच डोक्यात होतं.

समोरून वारा होता. मी पहिल्यांदा सायकलवर एकटा त्या रस्त्यावर होतो आणि वारा छातीवर हात ठेवून मागे ढकलत होता. नळाच्या गावापर्यंतच मांड्या पेटल्या. ताई हे सात वर्षं करत होती. वर मला विचारायची, "आहेस?"

मुक्या गावात सगळ्या खिडक्या बंद. एका घराच्या पायरीवर दुधाची बाटली, तिच्यावर दव. माझ्या चेनचा आवाज भिंतींवरून परत येत होता, त्यामुळे दोन चेन वाजतायत असं वाटत होतं. तो प्रतिध्वनी. हे मला कळत होतं. गाव संपलं, भिंती संपल्या, दोन्ही बाजूंना नुसत्या वेली उरल्या.

दुसरी चेन तशीच वाजत राहिली.

मी वजनकाटा ओलांडला. पेडल थांबवलं. पेडल थांबलं की मागचं चाक टिकटिक करतं. माझं टिकटिकायला लागलं. क्षणभराने आणखी एक, थोडी घोगरी, माझ्या पाठीशी. मी दुकानात रोज पन्नास चाकं फिरवतो. प्रत्येक चाकाची टिकटिक वेगळी असते. ही घोगरी टिकटिक मी ओळखली. ती माझ्याच सायकलची होती, गेल्या वर्षी तेल संपलं होतं तेव्हाची.

पाना खिशात होता. मागे वळून बघायला किती वेळ लागतो? मी वळलो नाही. सवय, म्हणा. किंवा नाही वळवली मान, बस्स.

खिंडीचा चढ लागला. मला थांबायचं होतं आणि थांबता येईना. कोणी धरलं नव्हतं. पाय माझेच होते. पण पाठीमागे वीतभर अंतरावर कोणी असलं की अंगाला कळतं, आणि न सांगता ब्रेक मारला तर तो आदळेल हेही कळतं. बोटं ब्रेकवर जात होती आणि परत येत होती. तो कोण आहे हे ठाऊक नसताना मी त्याला सांभाळत होतो. तेव्हा मला कळलं ताई कशी गेली असेल. वाईट याचं वाटलं की तिला भीतीही वाटली नसेल. तिला बरं वाटलं असेल. आला शेवटी, असं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आहेस?"

"आहे."

उपकार केल्यासारखं. मी किती घाणेरडा बोलतो हे मला बाहेरून कधी ऐकू आलं नव्हतं.

खिंडीच्या माथ्यावर आंधळं वळण आहे. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून तिथे खांबावर गोल फुगीर आरसा लावलाय. मी नको नको म्हणत असताना डोळे वर गेले. आरशात रस्ता वाकडा, वेली वाकड्या, मध्ये मी, राखाडी, ठिपक्याएवढा. आणि मला चिकटून पिवळं. पाठ कमानीसारखी, मान खाली, डावा गुडघा बाहेर काढलेला. असा गुडघा बाहेर काढून मीच चालवतो, ताई त्यावरून हसायची. खिशावर निळं ठिगळ होतं. त्याचे खांदे हलत नव्हते. तो धापा टाकत नव्हता. चढ चढून आला होता आणि त्याला काहीच ताकद लागली नव्हती.

तो मान वर करायला लागला.

मी दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले. मागच्या चाकाला काहीतरी टेकलं. आदळलं नाही, टेकलं. मांजर पायाला अंग लावतं तसं. मी सायकलसकट गुलाबाच्या झाडात जाऊन पडलो.

उठलो तेव्हा रस्ता मोकळा होता. वारा तेवढा चालू होता. माझ्या टायरवर पट्टा उमटला का, हे मी बघितलं नाही. सायकल तिथेच सोडली आणि द्राक्षांच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून खाली आलो. ट्रॉलीवाल्याने विचारलं, "दुसरा कुठे राहिला?"

७

बुधवारी सकाळी साडेसहाला आई बसथांब्यावर बाकावर बसली होती. टाचांना पट्ट्या लावून, पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक जास्तीचा डबा. डबा त्याच्यासाठी होता.

मी तिच्यासमोर उभा राहिलो. रात्रभर ठरवलेलं सगळं विसरलो.

"आई, वर कोणी नाही. जाऊ नको."

"मी ऐकलाय ना आवाज."

"तो मला शोधतोय असं समज. तुला नाही. जाऊ नको गं."

"काय बरळतोस? सरक, बस दिसत नाही."

तिला खरं सांगून उपयोग नव्हता. खरं ऐकून ती अजून लवकरची बस पकडेल. तिच्या लेकीच्या मागे माझ्यासारखं काहीतरी बसलेलं होतं, हे ऐकून कुठली आई घरी बसेल? तिला माणूस हवा होता. हाडामांसाचा, तोंडावर थुंकता येईल असा. तो एकदा मिळाला की ती वर जाणार नाही.

"मीच होतो," मी म्हणालो. "ताईच्या मागे. ती गेल्यावर मी तिला टाकून आलो. बाराला घरी पोचलो आणि पांघरूण घेतलं."

वेळ बरोबर बसत होती. आठ बावन्नला ती गेली, एकाहत्तर किलोमीटर परत, बाराच्या आत घरी. सव्वाला आई. अंगसुद्धा गरम असणारच. ते फारच नीट बसत होतं.

आई हसली. "खोटं बोलतोस. मी जाऊ नये म्हणून. तुला मी जन्म दिलाय, मला शिकवतोस?" तिने माझा गाल थोपटला. "तू तसा नाहीस. सगळं गाव म्हणू दे, तू तसा नाहीस. जा, काहीतरी खाऊन घे."

बस यायला वीस मिनिटं होती. चौकी रस्त्याच्या पलीकडेच.

साहेब नुकतेच येऊन टोपी काढत होते. मी म्हणालो, मला लिहून द्यायचंय. त्यांनी मला बघितलं, मग खिडकीतून बाकावर बसलेल्या आईला बघितलं, आणि कागद पुढे सरकवला. मी लिहिलं. नळाच्या गावात तिने विचारलं, मी आहे म्हणालो. पाववाल्याकडे थांबू दिलं नाही. वजनकाट्यावर थांबू दिलं नाही. पुढे ती अकरा वेळा हळू झाली, मी बोललो नाही, माझा राग होता. ती हँडलवर कोसळल्यावर मी घाबरून पळालो. हे सगळं मीटरमध्ये आहे, मिस्त्रींच्या दुकानात बघता येईल. मी झोपलो होतो असं आईला खोटं सांगितलं. आता कोणाला शोधू नये.

साहेबांनी वाचलं. "हा गुन्हा होत नाही," ते म्हणाले. "गुन्हा असता तर बरं झालं असतं."

"आईला दाखवाल? आत्ता? माझं ती ऐकत नाही."

ते कागद घेऊन रस्ता ओलांडून गेले. मी खिडकीशी उभा राहिलो. आईने चष्मा पिशवीतून काढला. तिने एकदा वाचलं. मग साहेबांना काहीतरी विचारलं, त्यांनी बोट ठेवून खालची सही दाखवली. तिने परत पहिल्यापासून वाचलं. अक्षर माझंच, वाकडं, ते तिला ओळखता येतं.

मग बस आली आणि मध्ये उभी राहिली. दारं उघडली, बंद झाली. मी खिडकीची जाळी धरून होतो. बस निघून गेली. आई बाकावरच होती. तिने डब्याचं झाकण उघडलं होतं आणि आत बघत बसली होती. चौकीकडे तिने मान वर करून बघितलं नाही. त्यानंतर आजपर्यंत माझ्याकडे बघितलेलं नाही. मी मिस्त्रींच्या दुकानात मागच्या फळीवर झोपतो. ती परत पहाटेच्या पाळीला जाते, आणि त्या रस्त्याला गेलेली नाही.

साहेब परत आले. कागद टेबलावर ठेवला आणि पेन माझ्याकडे केलं.

"तारीख राहिली," ते म्हणाले.

मी तारीख घातली.